बाईसाहेब कधी बंद पडत नाहीत

चष्मेवाल्यांची मोटारसायकल कधी बंद पडत नाही, हे त्यांच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुणाला ठाऊक नसलंच, तर चष्मेवाले स्वतः सांगायचे. तुम्ही त्यांच्या दुकानात डोळे तपासायला गेलात, की आधी ती जड गोल फ्रेम तुमच्या नाकावर चढवायचे, तिच्यात एकेक भिंग सरकवायचे, "खालची ओळ वाचा" म्हणायचे, आणि तुम्ही डोळे बारीक करून अक्षरं शोधायला लागलात की ह्यांची गाडी सुरू. "आमच्या बाईसाहेबांचं काय आहे सांगू का..." आता नाकावर एवढं लोखंड घेऊन माणूस उठून पळणार कुठं? ऐकायचं.

बाईसाहेब म्हणजे मोटारसायकल, बरं का. बायको नव्हे. बायकोला ते 'अगं' म्हणायचे.

तर ह्या बाईसाहेबांबद्दल चष्मेवाल्यांचं एक शास्त्र होतं. गाडीला सारखं उघडून बघायचं नाही. पाना लावायचा नाही. "तुम्ही रोज सकाळी उठून बायकोच्या कपाटाची झडती घेतलीत, तर ती नांदेल का?" असं ते विचारायचे. "गाडीचंही तेच. संशय घेतला की बिघडलीच समजा. पेट्रोल घालायचं, फडक्यानं पुसायची, आणि भरवसा ठेवायचा." गाडीच्या कुशीला हत्यारं ठेवायची एक छोटी पेटी असते ना, त्या पेटीत ह्यांचा रुमाल, कंगवा आणि खोकल्याच्या गोळ्या. हत्यार म्हणाल तर एकच. चष्म्याचे स्क्रू पिळायचा तो बोटभर स्क्रूड्रायव्हर, आणि तोही गाडीसाठी नाही, तर सवयीनं शर्टाच्या खिशाला अडकवलेला.

आणि ह्याच माणसाच्या दुकानात, गल्ल्याच्या मागे, स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती: 'वर्षातून एकदा डोळे तपासा. त्रास नसला तरी.' बायको एकदा डबा द्यायला आली तेव्हा त्या पाटीखाली उभं राहून म्हणाली, "बाईसाहेबांना वाचता येत नाही म्हणून बरं." चष्मेवाले हसले. त्यांना वाटलं, ती गाडीची थट्टा करतेय.

पण खोटं का बोला, गाडी खरंच बंद पडत नव्हती. लांब लांब जायचे ते. समुद्राला जाऊन आले, डोंगरापलीकडच्या तळ्याला जाऊन आले. त्यांच्याबरोबर फिरणारी रविवारची मंडळी होती, त्यांत कुणाची क्लचची वायर तुटायची, कुणाचा प्लग काळा पडायचा. औषधाच्या दुकानवाल्यांची गाडी तर दर सफरीत एकदा रस्त्याच्या कडेला बसायचीच, आणि मग मंडळी पाने-पक्कडी काढून तिच्याभोवती गोल करायची. चष्मेवाले मात्र बाईसाहेबांच्या सीटवर आडवे होऊन बिस्कीट खात सल्ले द्यायचे. "औषधवाले, तिच्याशी नीट बोला आधी." एकदा कुणीतरी म्हणालं, टायर नवेकोरे दिसतात हो तुमचे. तर हे म्हणाले, "जपून चालवतो."

गल्लीच्या कोपऱ्यावर एक मेकॅनिक होता. त्याचा आणि ह्यांचा धंदा काही जुळायचा नाही, हे उघडच आहे. पण तो मेकॅनिक चष्म्याच्या दुकानात मात्र सारखा यायचा. कधी स्वतःचा वाकडा चष्मा घेऊन, कधी त्याच्या आईच्या चष्म्याची काडी निखळलेली. बायकोनं सांगून ठेवलं होतं, की त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, घरोबा आहे. चष्मेवाले काडी बसवता बसवता त्याला चिडवायचे. "माझ्यासारखी चार गिऱ्हाइकं भेटली तर तुझं दुकान बंद." मेकॅनिक चष्मा नाकावर ठेवून बघायचा आणि म्हणायचा, "तुमची गाडी म्हणजे काय काका. तिला तोड नाही." हा फुकट्या आहे, पण पोरगा गुणी आहे, असं चष्मेवाल्यांचं त्याच्याबद्दल मत होतं.

मग ह्यांच्या लेकीचं लग्न झालं. लेकीला घरात बेबी म्हणायचे, अजून म्हणतात, आणि तिला ते अजून आवडत नाही. जावई नकाशे काढायच्या कचेरीत कामाला. शांत माणूस. पेन्सिलीला टोक करतानासुद्धा टोक कुठल्या बाजूला जास्त झिजलंय ते बघणारा. सासऱ्याच्या तोंडून बाईसाहेबांच्या गोष्टी ऐकून ऐकून त्यानं काय करावं, तर त्याच कारखान्यातली, त्याच जातीची एक जुनी मोटारसायकल शोधून घेतली. सासऱ्याबरोबर फिरायला मिळेल म्हणून. चष्मेवाल्यांना असा आनंद झाला, की त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाची काडी त्यांनी फुकट घट्ट करून दिली.

बेबीनं नवऱ्याच्या जुन्या जीनच्या पँटचे पाय कापून एक पिशवी शिवली. तिला आत कप्पे, प्रत्येक पान्याला वेगळा. एका कप्प्यात पक्कड. अगदी आतल्या कप्प्यात गोळ्यांच्या रिकाम्या डबीत चेनचा एक सुटा लॉक, कागदात गुंडाळलेला. चेनची दोन टोकं जोडणारी ती कडी असते ना, एवढीशी, नखाएवढी. जावई दर आठवड्याला ती पिशवी पसरून गाडीपाशी बसायचा. चेन बोटानं वर-खाली करून बघायचा, ढिली वाटली तर आवळायचा.

एका रविवारी चष्मेवाले लेकीकडे गेले तर हा प्रकार चाललेला.

"काय जावईबापू, गुदगुल्या करताय तिला?"

"चेन बघतोय बाबा. ढिली पडते."

"तुम्ही बघता म्हणून पडते. माझी कधी पडली?"

जावयाचं बोट चेनवर थांबलं. खरंच कधी पडली नव्हती की. आणि सासऱ्याचा शब्द. पुढच्या आठवड्यापासून त्यानं चेन बघणं सोडलं. हात शिवशिवायचे त्याचे, बेबीनं नंतर सांगितलं, पण सोडलं.

आणि मग आली ती दीपगृहाची सफर. जायला दोन दिवस, मध्ये मुक्काम, दुसऱ्या दिवशी डोंगर चढून पलीकडे उतरलं की समुद्रात घुसलेलं टोक आणि त्याच्यावर दीपगृह. निघायच्या सकाळी मंडळी चष्मेवाल्यांच्या दारात जमली. जावई आणि बेबी एका गाडीवर. जावयाच्या सीटमागे ती जीनची पिशवी बांधलेली. चष्मेवाल्यांनी ती बघितली, आणि सगळ्यांसमोर दोरी सोडून पिशवी काढली.

"ही काय प्रेतयात्रेची तयारी? आमच्या घरातली माणसं असलं घेऊन फिरत नाहीत." मंडळी हसली. औषधवाले जरा कमी हसले. चष्मेवाल्यांनी पिशवी दारात उभ्या बायकोच्या हातात दिली. "ठेव गं."

"राहू द्या की त्यांच्याजवळ," बायको म्हणाली.

"ठेव म्हटलं ना."

बायकोनं पिशवी दोन्ही हातांनी धरली. काहीतरी बोलणार होती. मग तिनं ओठ मिटले आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी, डोंगराच्या चढावर, एका वळणात जावयाच्या गाडीतून फट् असा आवाज आला. इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मात्र जागच्या जागी. चेन मागं रस्त्यावर पडली होती, लांबलचक, तेलकट. जावई चालत गेला, ती उचलून आणली. लॉक कुठं उडाला होता कुणास ठाऊक. त्यानं आणि बेबीनं गुडघ्यांवर बसून खडी चाळली. एवढीशी वस्तू, आणि एवढा मोठा डोंगर. मंडळींनी आपापल्या पेट्या उघडल्या, पण त्यांच्या गाड्या दुसऱ्या जातीच्या, त्यांचे लॉक ह्या चेनला बसेनात. चष्मेवाल्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून पुढं केला. जावयानं तो घेतला, बघितला, आणि आदरानं परत दिला.

"एक लॉक असता तर झालं असतं," जावई हळू म्हणाला. कुणाला उद्देशून नाही. नुसतं हवेत.

आता इथं चष्मेवाल्यांनी गप्प बसायला हवं होतं. जीभ दातांत धरायची, काही अवघड नाही. पण मंडळी बघत होती, आणि बाईसाहेब शेजारी अशा ऐटीत उभ्या होत्या. ते म्हणाले, "बघा मंडळी. दोन्ही एका कारखान्यातल्या. एक चालते, एक बसते. गाडीत फरक नाही, जावईबापू. तुमचं मन नाही गाडीवर."

जावयाचे हात काळे झाले होते. तो गवतानं पुसत होता. "असेल बाबा," तो म्हणाला.

"पिशवी कुणी काढली बाबा?" बेबीनं विचारलं.

"पिशवी असती तर घर सोडायच्या आधीच उघडून बसला असता हा. अजून पोचलोच नसतो इथवर."

शेवटी एक कांद्याचा ट्रक थांबला, उलट्या दिशेनं जाणारा. ट्रकवाल्यानं पोत्यांवर जागा केली, गाडी आडवी चढवली. बेबी आणि जावई पोत्यांवर बसले. ट्रकवाल्यानं चष्मेवाल्यांना विचारलं, "तुम्ही येताय का मागून?"

चष्मेवाल्यांनी वर रस्त्याकडे बघितलं. मंडळींनी गाड्या सुरू केल्या होत्या. बाईसाहेबांनी आजवर एकही सफर अर्धवट सोडलेली नव्हती.

"मी... होतो पुढं," ते म्हणाले. "मंडळी थांबलीत."

बेबीनं तोंड फिरवलं. जावयानं मात्र हात हलवला. म्हणाला, "जपून जा बाबा." आणि ट्रक खाली गेला.

दीपगृहापाशी ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली गेली. मग दुकानात. एखादी गोष्ट तोंडात फिरते ना, तशी ती फिरली आणि फिरता फिरता फुगली. आधी जावई नुसता खडीत शोधत होता. मग तो रडकुंडीला आला. पुढं पुढं तर तो चेनला हात जोडत होता. खालची ओळ वाचायला बसलेली गिऱ्हाइकं पोट धरून हसायची, आणि भिंगांच्या पेटीवर चष्मेवाले ताल धरायचे.

घरी मात्र वेगळं वारं होतं. चष्मेवाले परत आले तेव्हा बायकोनं सफरीचं काही विचारलं नाही. "बेबी पोचली का नीट?" असं ह्यांनीच विचारलं, तर ती भांड्यांशी बोलल्यासारखं म्हणाली, "पोचली." बेबी दर रविवारी यायची, ती येईना. फोन केला तर "आईला द्या." आई फोन घेऊन आतल्या खोलीत जायची. चष्मेवाले म्हणायचे, "रुसलीय. येईल वळणावर." पण जेवताना त्यांची नजर दाराकडे जायची, हे बायकोनं बघितलं होतं.

एका दुपारी दुकानात वीज गेली. अक्षरांचा दिवा विझला. बराच वेळ वाट बघून चष्मेवाल्यांनी शटर ओढलं आणि ते मागच्या बोळानं घरी निघाले.

घरामागच्या फरशीवर बाईसाहेब उभ्या होत्या, मागचं चाक नसलेल्या. चाक भिंतीला टेकलेलं. कोपऱ्यावरचा मेकॅनिक उकिडवा बसलेला, नाकावर ह्यांनीच सरळ करून दिलेला चष्मा. चेन रॉकेलमध्ये बुडवलेली, आणि रॉकेल कशात, तर चष्मेवाले रोज संध्याकाळी पाय धुतात त्या घमेल्यात. शेजारी पाटावर बायको, मांडीवर ताट, ताटात नट-बोल्ट, भाजी निवडावी तसे निवडून ठेवलेले.

"या काका," मेकॅनिक म्हणाला. "चेन ताणलीय. ह्या वेळी जरा जास्तच."

"ह्या वेळी म्हणजे?"

मेकॅनिकनं काकूंकडे बघितलं. काकूंनी नट-बोल्टांकडे.

"बसा," बायको म्हणाली. "वीज गेली का?"

"कधीपासून चाललंय हे?"

बायकोनं एक नट उचलून दुसऱ्याशेजारी ठेवला. "बेबीचे दुधाचे दात पडत होते तेव्हापासून."

मग तिनं सांगितलं. तिखटमीठ न लावता. पहिल्या लांबच्या सफरीला ती मागं बसली होती, बेबी मध्ये. पायाखालून खळखळ असा आवाज येत होता. ती ह्यांना म्हणाली, तर हे म्हणाले, गाडी गातेय. "मला गाणं कळतं, अहो. ते गाणं नव्हतं." परत आल्यावर तिनं कोपऱ्यावर जाऊन मेकॅनिकच्या वडिलांना विचारलं, तेव्हा ते होते. त्यांनी येऊन बघितलं आणि डोक्याला हात लावला. तेव्हापासून प्रत्येक सफरीच्या आधी, आणि सफरीनंतर, चष्मेवाले दुकानात असताना गाडी इथं उघडली जायची. ब्रेक, चेन, तेल, टायर. वडील गेल्यावर मुलगा. फुकटचे चष्मे म्हणजे त्याचीच मजुरी होती.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर बंद करायला लावलं असतंत. आणि मागं मी बसत होते." तिनं ताट मांडीवर नीट घेतलं. "आणि तुमचं ते शास्त्र ऐकायला मजा यायची मला. चाळीस लोकांत तुम्ही छाती काढून सांगताय, आणि मला एकटीला माहीत. पण त्या दिवशी तुम्ही पिशवी माझ्या हातात दिलीत, तेव्हा मी बोलायला हवं होतं. चार लोकांत तुमचं हसं होईल म्हणून मी मूग गिळले. माझी लेक होती हो त्या गाडीवर."

ती उठून आत गेली. मेकॅनिक घमेल्यात चेन हलवत राहिला, जसं काही त्याला ऐकूच येत नव्हतं.

चष्मेवाले तिथंच उभे होते. त्यांना बाईसाहेबांबद्दल काही वाटलं नाही, शास्त्राबद्दलही नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर आला तो कांद्याच्या पोत्यांवर बसलेला जावई, काळ्या हातांचा. 'जपून जा बाबा.' कान तापले त्यांचे. चष्म्याच्या काड्या कानांवर टोचायला लागल्या, स्वतःच बसवलेल्या. आणि मग आठवलं, दीपगृहापाशी आपण त्याची नक्कल करून दाखवली होती. खडीत गुडघ्यांवर बसून. मंडळींनी दोनदा करायला लावली आणि आपण दोनदा केली.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात गोष्ट बंद. एक जुनं गिऱ्हाईक फ्रेम नाकावर घेऊन वाट बघत बसलं. शेवटी म्हणालं, "आज बाईसाहेब नाहीत का?"

"खालची ओळ वाचा," चष्मेवाले म्हणाले.

जावयाला फोन करायचा त्यांनी प्रयत्न केला. नाही असं नाही. जावयानं लगेच उचलला. "हां बाबा, बोला." इतका गोड आवाज, की घशातलं घशातच राहिलं. "तिकडं हवा कशी आहे?" त्यांनी विचारलं. "ठीक आहे बाबा." "इथंही ठीक आहे," ते म्हणाले आणि फोन ठेवला. बायको दारात उभी होती. "हवेचं कळलं ना, मग झालं," म्हणाली.

मग तिनंच बातमी दिली. जावयानं गाडी विकायला काढली. शनिवारी कुणीतरी बघायला येणार.

"का पण? चेन बसवली असेल की."

"बसवली. पण म्हणतात, मला नाही जमत. माझं मन नाही गाडीवर." बायकोनं तो शब्द असा ठेवला, जसा जेवणात आलेला खडा ताटाच्या कडेला ठेवतात.

चष्मेवाल्यांनी ठरवलं, शनिवारी सकाळी आपण स्वतः बाईसाहेबांवर बसून जायचं. पण त्याआधी एकदा तरी आपल्या हातानं तिला बघायचं. मेकॅनिकच्या हातची गाडी घेऊन त्या पोरासमोर जायची त्यांना लाज वाटली. शुक्रवारी दुकानाला सुट्टी. स्वयंपाकघरातल्या फडताळावरून त्यांनी ती जीनची पिशवी काढली आणि ते मागच्या फरशीवर बसले. चेन काढली. मग वाटलं, कार्बोरेटरही बघावा. मग वाटलं, एवढं आलंच आहे तर हेही. काढताना कसं, सगळं भराभर निघतं. लावताना प्रत्येक नट दुसऱ्याचं घर बळकावून बसतो. शेवटी सगळं लागलं, आणि चष्म्याच्या एका डबीत मावतील एवढे नट आणि वायसर शिल्लक राहिले. किक मारली. परत मारली. बाईसाहेबांनी खोकलासुद्धा काढला नाही.

बोळातून औषधवाले चालले होते. हात काळे, कपाळावर तेलाचा पट्टा असा हा माणूस बघून ते थबकले.

"काय चष्मेवाले, बंद पडली की काय?"

आणि चष्मेवाले म्हणाले, "नाही हो. पुसतोय."

औषधवाले गेले. वर खिडकीत बायको होती. तिनं नुसती खिडकी लावली, हळूच. दाणकन लावली असती तर बरं वाटलं असतं.

शनिवारी ते बसनं गेले. मांडीवर जीनची पिशवी. खड्डा आला की पाने खणखणायचे आणि पुढचे लोक वळून बघायचे, की हा घरफोड्या निघालाय कुठं.

लेकीच्या इमारतीच्या आवारात जावयाची गाडी धुऊन पुसून उभी होती. हेल्मेट काखेत घेतलेला एक जाडजूड माणूस तिच्याभोवती फिरत होता. बेबी जिन्याच्या पायरीवर बसलेली. चष्मेवाले फाटकापाशीच थांबले.

"भरवशाची आहे ना?" घेणारा विचारत होता. "मला लांब जायचंय हिच्यावर."

"गाडी चांगली आहे," जावई म्हणाला. "डोंगरात एकदा चेन तुटली. पण ती चूक माझी. मी लक्ष दिलं नाही."

फाटकासमोरच बसचा थांबा होता. परतीची बस उभीसुद्धा होती. चष्मेवाल्यांनी तिच्याकडे बघितलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

"ह्यांनी लक्ष दिलं होतं," ते म्हणाले. आवाज फाटला, म्हणून परत म्हणाले. "दर आठवड्याला द्यायचे. मी बंद करायला लावलं."

घेणाऱ्यानं वळून बघितलं. हातातली पिशवी बघितली. "तुम्ही मेकॅनिक का?"

"नाही. सासरा."

"मग ह्यांनी तुमचं का ऐकलं?"

"माझी गाडी कधी बंद पडत नाही, म्हणून."

"खरंच पडत नाही?"

जावई मधेच म्हणाला, "बाबा, राहू द्या." पोरगा तेव्हाही झाकूनच घेत होता. त्यानंच ह्यांना जास्त मेल्यासारखं झालं.

"पडलीय," चष्मेवाले म्हणाले. "काल. मीच खोलली आणि आता लागत नाही. आणि इतकी वर्षं पडत नव्हती, कारण माझी बायको माझ्यामागं मेकॅनिक बोलवायची. मला पत्ताच नव्हता. ह्यांच्या गाडीला तसं कुणी नव्हतं. होती ती ही पिशवी, ती मी सगळ्यांसमोर काढून घेतली. आणि चेन तुटल्यावर ह्यांना ट्रकात बसवून मी पुढं गेलो." बेबीकडे बघायचं धाडस होईना, म्हणून गाडीच्या दिव्याकडे बघून म्हणाले, "तिथं जाऊन ह्यांची नक्कल केली. लोक हसले."

ती नक्कल इथं कुणाला माहीत नव्हती. ती सांगितली नसती तरी चाललं असतं.

घेणारा हेल्मेट या काखेतून त्या काखेत घेत राहिला. बाहेरच्या माणसानं अशा वेळी कुठं बघावं? "मी नंतर येतो," तो म्हणाला. फाटकातून जाता जाता थांबला. "तुमच्या मिसेसचा मेकॅनिक कुठं बसतो?"

जावयानं सासऱ्याच्या हातून पिशवी घेतली आणि खाली बसून उघडली. एकेक कप्पा बघितला. त्याचा स्वभावच तो. "दहाचा पाना नाही बाबा."

"तो... बाईसाहेबांच्या खाली राहिला असेल." चष्मेवाल्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढून उघडली. "आणि हे उरलेत."

जावयानं डबीत बघितलं. एक नट उचलून उजेडात धरला. त्याच्या तोंडाचा कोपरा हलला. "बाबा, ह्याच्याशिवाय गाडी सुरू झाली असती, तर मी घाबरलो असतो."

बेबी पायरीवरून उठली नव्हती. "नक्कल कशी केलीत?" तिनं विचारलं.

"बेबी, जाऊ दे," जावई म्हणाला.

"जाऊ दे काय. रविवारच्या मंडळींना सांगणार का हे? जे आत्ता सांगितलंत ते?"

"सांगेन."

"कधी?"

"आधी चहा तरी..."

"चहा नंतर."

तिनं चहा दिला, पण साखर विसरली. चष्मेवाल्यांनी तसाच प्यायला आणि मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, जावई आपल्या गाडीवरून आला. मागं बेबी, पाठीला जीनची पिशवी. मागच्या फरशीवर सासरा-जावई बाईसाहेबांच्या दोन बाजूंना बसले. जावई एकेक नट मागायचा, चष्मेवाले डबीतून काढून द्यायचे. बायको पाटावर, मांडीवर ताट घेऊन. ती अधूनमधून म्हणायची, "तो नाही, तो मागच्या ब्रेकचा," आणि तो खरंच मागच्या ब्रेकचा असायचा.

सकाळच्या फेरीला निघालेली मंडळी बोळाच्या तोंडाशी येऊन थांबली. औषधवाल्यांनी गाडी आत घातली. बाईसाहेबांची आतडी फरशीवर पसरलेली बघून त्यांनी इंजिन बंद केलं नाही, नुसता पाय टेकला.

"काय चष्मेवाले, अजून पुसताय?"

चष्मेवाल्यांनी जावयाकडे बघितलं. जावई खाली बघून चेन बोटानं वर-खाली करत होता. बेबी दाराला टेकून उभी. चष्मेवाल्यांचे कान लाल झाले, पार चष्म्याच्या काड्यांखालपर्यंत.

"नाही," ते म्हणाले. "बंद पडलीय. आणि ते चेनचं, डोंगरातलं, त्यात ह्यांची काही..."

"काय?" औषधवाले म्हणाले.

चष्मेवाल्यांनी डबीचं झाकण लावलं, परत उघडलं.

"मोठ्यानं बोला बाबा," बेबी म्हणाली. "त्यांच्या डोक्यावर हेल्मेट आहे."